खीर कशी लागली?

वेळ: दिवस दोन कासरे वर आलेला. स्थळ: राजवाड्याचा मागचा चौक. चुलीवर भरले तपेले होते, चुलीत जाळ होता, तपेल्यापाशी माणूस नव्हता. खीर लागली.

माणसे सूर्याकडे पाहून वेळ सांगत आणि राजा बोलेल तो कायदा असे, त्या फार जुन्या काळी एका नगरात हे घडले. लहानांनी गोष्ट म्हणून ऐकावे. थोरांनी साक्ष म्हणून ऐकावे.

त्या नगरात एक चाल होती. सहा महिने पुरे झालेल्या सगळ्या बाळांचे उष्टावण वर्षातून एकाच दिवशी, एकाच तपेल्यातल्या खिरीने व्हायचे. चूल राजवाड्यातली असली तरी खीर काही राजेशाही नव्हती. घराघरातून मूठमूठ तांदळाची कणी यायची. ती तुपावर परतायची, पाण्यात मऊ शिजवायची, मग दूध घालायचे. तपेले खाली उतरवले की गूळ आणि वेलदोड्याची पूड. बस्स. खजिन्यातले त्यात काहीच नाही.

नियमही एकच. दूध पडल्यापासून तपेले उतरेपर्यंत ढवळणारा हात थांबता कामा नये. थांबला की दूध तळाला धरते, करपते, आणि वरपर्यंत वास मारते. अशा खिरीला आपण म्हणतो, खीर लागली.

तीस वर्षे ती खीर एक म्हातारी ढवळत होती. गाईला ठेवावे तसे तिचे नाव पडले होते, ढवळी. हाक मारणारे हसायचे, तीही हसायची. तिच्या हातून एकदाही खीर लागली नव्हती.

आणि म्हणूनच, यंदा ती लागू नये यासाठी बंदोबस्त करायचे ठरले. कारण यंदा बाळांमध्ये राजाचा नातू होता. त्याला आत्तापासूनच सगळे युवराज म्हणत.

एक खीर-कारभारी नेमला गेला. त्याच्या हाताखाली चार हुजरे. एक जाळ पाहायला, एक दूध पाहायला, एक तपेले पाहायला आणि चौथा या तिघांना पाहायला. ढवळायला मात्र ढवळी एकटीच. दवंडीही पिटली गेली: खीर बिघडली तर बिघडवणाऱ्याला वेशीबाहेर काढले जाईल, तो पुन्हा आत येणार नाही.

ढवळीने दवंडी ऐकली. तिची नात यंदाच्या बाळांत होती. वेशीबाहेर जावे लागले, तर ती पोर चालायला लागलेली तिला दिसणार नव्हती.

त्या सकाळी ती उजाडायच्या आधी चुलीपाशी बसली. कणी शिजली, दूध पडले, डाव फिरू लागला. तेवढ्यात चौथा हुजऱ्या धावत आला.

"ए ढवळी, ऊठ. कचेरीत बोलावलंय."

"आत्ता? आत्ता कशी येऊ? खीर लागेल."

"लागेलच की! सगळ्या पोरांना लागेल, युवराजांना लागेल. म्हणून तर बोलावलंय."

"अरे बाबा, तशी नव्हे. खाली लागेल."

"खाली लागेल तर खाली देऊ, वर लागेल तर वर देऊ. तुला कशाला पंचाईत? चल."

म्हातारीने डाव सोडला नाही. "कोणी बोलावलंय?"

"वरून निरोप आलाय."

"वर म्हणजे कुठं?"

"वर म्हणजे वर! तोंड चालवू नकोस."

"मग निदान हा डाव कोणीतरी धरा."

बाकीचे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. पहिला म्हणाला, "आमचं काम पाहण्याचं." दुसरा म्हणाला, "शिवाय आम्हांलाही कचेरीत जायचंय. साक्षीला चौघे लागतात."

"कसल्या साक्षीला?"

ते काही कोणाला ठाऊक नव्हते. चौथ्याने तिचा दंड धरला. डाव तपेल्यात उभा राहिला आणि सहा पायऱ्या चढून पाचही जण कचेरीत गेले.

कारभाऱ्यापुढे एक कागद होता. त्याने तो मोठ्याने वाचला. "मी, खीर ढवळणारी, लिहून देते की खीर उतरेपर्यंत मी तपेल्यापासून हलणार नाही व हातातला डाव सोडणार नाही." म्हणाला, "कर अंगठा."

म्हातारी कागदाकडे बघतच राहिली. मग दाराकडे वळली. नाकाला वास आला होता.

"कारभारी, जाऊ द्या मला."

"अंगठा केल्याशिवाय कशी जाशील?"

तिने अंगठा उठवला. चार साक्षीदारांनी चार अंगठे उठवले. शाई वाळेपर्यंत कोणी हलायचे नव्हते, तोही एक नियम होता.

ती चौकात पोचली तेव्हा तपेल्यातून करडा धूर निघत होता. "हलवू नका!" ती ओरडली. "वरची खीर अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. तळ खरवडू नका, अर्धी तरी वाचेल!"

पण कारभारी तिच्या मागोमाग आला होता. एवढा वेळ ढवळायचे राहिले होते, ते त्याला भरून काढायचे होते. "जोरात ढवळा! तळापासून!" त्याने हुकूम सोडला, आणि ज्यांचे काम पाहण्याचे होते त्या चौघांनी पहिल्यांदाच डाव धरला. तळाचा काळा थर पापडासारखा सुटला आणि सगळ्या खिरीत मिसळला.

दरबार भरला. आया बाळे घेऊन बसल्या. राजाने आधी स्वतः एक चमचा चाखला आणि त्याचे तोंड उतरले.

"खीर कशी लागली?" त्याने विचारले.

"अमृतासारखी लागली, महाराज!" कारभारी म्हणाला.

"तसं नाही. मी विचारतोय, खीर लागली कशी?"

"फारच गोड लागली," पहिला हुजऱ्या म्हणाला.

"अशी कधी लागलीच नव्हती," दुसरा म्हणाला. हे मात्र खरे होते.

मग युवराजांच्या ओठांना चमचा लावला गेला. युवराजांनी तोंड वाकडे केले, जीभ बाहेर काढली आणि खीर राजाच्या शेल्यावर थुंकली. पाठोपाठ ओळीतली सगळी बाळे थुंकली. त्यांना दरबारात कसे बोलायचे ते अजून शिकवलेले नव्हते.

राजा कडाडला, "खीर कोणी बिघडवली?"

आता सगळ्यांना प्रश्न कळला. कारभाऱ्याने कागद पुढे केला. "महाराज, ही म्हातारी तपेले सोडून गेली. हलणार नाही असं लिहून दिलं होतं. हा तिचा अंगठा, या चार साक्षी."

राजाने ढवळीकडे पाहिले. "अंगठा तुझाच का?"

"माझाच, महाराज. पण एक विचारते. तो चुलीपाशी उठवला की कचेरीत?"

"कचेरीत," कारभारी म्हणाला.

"मग 'डाव सोडणार नाही' म्हणून मी अंगठा केला, तेव्हा डाव कुठं होता?"

एक आई फस्सकन हसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"मी हौसेनं उठले नाही," म्हातारी म्हणाली. "मला बोलावणं आलं. बोलावणारा कोण, तेवढं विचारा. तो सापडला तर मी आपल्या पायांनी वेशीबाहेर जाते."

राजाने चौथ्या हुजऱ्याला विचारले. त्याने तिसऱ्याकडे बोट दाखवले. तिसऱ्याने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने पहिल्याकडे, पहिल्याने कारभाऱ्याकडे. कारभारी म्हणाला, "वरून निरोप होता, महाराज."

"माझ्या वर कोण आहे?" राजाने विचारले. पण हे त्याने हळू विचारले. कारण निरोप आपणच दिला होता की काय, हे त्यालाही नक्की आठवेना.

बाळे भुकेने रडत होती. मुहूर्त माध्यान्हीपर्यंतचा होता. राजाला प्रकरण मिटवायचे होते, आणि मिटवायला कागदावर एकच अंगठा सापडत होता.

"म्हातारीला वेशीबाहेर काढा," तो म्हणाला. "बाकीची चौकशी सावकाश करू."

ढवळीने नातीच्या गालाला हात लावला आणि ती चालू लागली. तिच्या मागून तिची लेक नातीला घेऊन उठली. मग पदर तोंडाला लावलेली ती आई उठली. मग सगळ्याच. वाटेत प्रत्येकीने आपापल्या घरातून एकेक मूठ कणी आणि गुळाचा खडा घेतला. कोणी दूध आणले, कोणी तपेले आणि डाव, कोणी लाकडे.

वेशीबाहेर तीन दगड मांडून चूल पेटली. सूर्य चढत होता. म्हातारीचा हात फिरत होता, बायका सारख्या वर आभाळाकडे आणि खाली तपेल्याकडे पाहत होत्या.

"आजी, अजून किती वेळ ढवळायची?" एकीने राहवेना म्हणून विचारले.

"तुला विचारावंसं वाटणार नाही तोवर," ढवळी म्हणाली. तिने मान वर केली नाही. नंतर तिला कोणीही हाक मारली नाही.

माध्यान्हीच्या आत सगळ्या बाळांचे उष्टावण झाले. शेवटी राजाची सून युवराजांना घेऊन, डोक्यावरून पदर ओढून आली आणि मुकाट्याने रांगेत बसली. युवराजांनी दोनदा मागून खाल्ली.

तेव्हापासून त्या नगराची खीर वेशीबाहेर शिजते आणि नाती तिथेच चालायला शिकतात. राजवाड्यातले तपेले करपलेल्या थरासकट पालथे पडले आहे. घासायचे कोणी, यावर कचेरीत विचार चालू आहे.

तात्पर्य: काम करणाऱ्या हाताला जो हाक मारतो, त्याने आधी आपले नाव सांगावे.

तो कागद दप्तरात आहे. खाली म्हातारीचा अंगठा आहे, बाजूला चार साक्षी आहेत. 'बोलावणाऱ्याचे नाव' अशी एक ओळ आहे. ती कोरी आहे.