आजारी घरांचं पाणी

“सगळं गाव घरोघर विचारत बसलो तर वर्ष जाईल, बुवा. तोवर आणखी किती जणांचे पाय जातील?”

केसोबुवा टेकडीवरच्या मठात मुळ्या ठेचत बसले होते. विचारणारा त्यांचा शिष्य सारंगधर. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत हे त्यालाही ठाऊक होतं, तीच तर पंचाईत.

खालच्या गावात एक चमत्कारिक दुखणं आलं होतं. शेकड्यात एखाद्याचेच पाय लुळे पडत. पण पडले की तो माणूस पुन्हा उभा राहत नसे. कशानं होतंय, काही केल्या कळेना.

“सगळी घरं कशाला हिंडतोस?” बुवा म्हणाले. “दुखणं आहे तिथं आधी जा. मग...”

हा कसला पुढचं ऐकायला थांबतोय! झोळी उचलली नि टेकडी उतरला.

परतला तो अगदी हवेत. सगळे आजारी गाठले, एकेकाला खोदून खोदून विचारलं, आणि सगळेच्या सगळे एकाच विहिरीचं पाणी पिणारे निघाले, असं त्यानं छाती फुगवून सांगितलं. धुरपदाबाईची मळ्यातली विहीर.

बुवांचा हात थांबला.

“गावात बोललास हे?”

“बोललो तर. विहीर बुजवायला घेतलीय. दगड घेऊन गाव लोटलाय तिकडे.”

आणि बाई काय म्हणते, असं बुवांनी विचारलं. सारंगधर जरा चाचरला. बाई काठावर आडवी पडलीय म्हणे, उठतच नाही. एकटी विधवा, विहिरीवर चार वाफे भाजी, त्यावर तिचं नि नातवंडांचं पोट. पण लोकांच्या पायांपुढे वाफ्यांचं काय एवढं, असंही तो म्हणाला.



खरं सांगायचं तर मला त्या पोराचा रागच आला. बुवांना आला की नाही, देव जाणे. पोरानं खाली ठेवलेली झोळी त्यांनी उचलली आणि पुन्हा त्याच्या खांद्याला अडकवली.

सारंगधर गोंधळला. “कुणी आजारी राहिला का विचारायचा?”

“आजारी कुणी राहिला नाही,” बुवा म्हणाले. “पळत जा. दगड टाकणाऱ्या त्या धडधाकट माणसांना विचार, ते आजवर कुठलं पाणी पीत आले.”