ताम्हणपूर ते नागझरी, हाकेसरशी

ताम्हणपूर म्हणून एक नगर होतं. तिथं पोटानं मोठा आणि दमानं छोटा असा चक्रधर राजा होता, त्याचं विमान हाकणारा गोंदाजी होता, आणि गोंदाजीची लेक ठकू होती. राजा म्हटला की हौस आलीच. विमान होतं, फोनही होता.

राजाची सासुरवाडी नागझरीला. ताम्हणपूरच्या विमानतळावरून नागझरीच्या तळावर सरळ उडत गेलं तर साठ कोस. गोंदाजी तासाभरात नेऊन टेकवी. पण तेवढा तासही राजाला सोसेना. मेहुण्याचा फोन यायचा, दाजी, श्रीखंड केलंय, या. दाजी पोचेपर्यंत मेहुणे ढेकर देत सुपारी कातरत बसलेले. एकदा तर राजाच्या वाट्याला निव्वळ पातेलं आलं.

राजानं गोंदाजीला समोर उभं केलं. "पुढच्या खेपेला मेहुण्यानं हाक मारली की हाकेसरशी मी नागझरीत पाहिजे. नाहीतर गाढवावरून धिंड, आणि बिऱ्हाड वेशीबाहेर."

गोंदाजीनं विमानातल्या गाद्या काढल्या, तक्के काढले. तरी तास तो तासच. राजेसाहेबांनी पोट उतरवलं तर विमान जोरात जाईल, असं प्रधानाच्या मनात आलं. पण उघडपणे त्यानं नागझरीलाच दोर बांधून अलीकडं ओढावं, असा सल्ला दिला आणि वर शालजोडी मिळवली.

घरी गोंदाजीची बायको रडत भांडीकुंडी बांधायला लागली. ठकू म्हणाली, उद्या दरबारात मी येते, महाराजांना उत्तर मी देते. दुसऱ्या दिवशी ती बापाबरोबर राजापुढं उभी राहिली.

"काय गं, साठ कोसांचं काय केलंस?" राजानं विचारलं.

"सांगते महाराज. जरा जेवणवेळ होऊ द्या."

सगळे खोळंबले. थोड्या वेळानं आतून राणीची हाक आली, "अहो, ऐकलंत का? पान वाढलंय."

"आलो, आलो," राजा ओरडला आणि लोडाला आणखीच रेलला.

ठकूनं हात जोडले. "पोचलात, महाराज."

"कुठं पोचलो? इथंच तर बसलोय."

"मग राणीसाहेबांना 'आलो' म्हणालात, ते खोटं?"

राजाला खोटारडा म्हणायची कुणाची छाती? प्रधान छताकडं बघायला लागला.

"चक्रधर राजा खोटं बोलत नाही," राजा गुरगुरला.

"तेच म्हणते मी. तुम्ही 'आलो' म्हणालात की आलात. मधे चौक असो, नाहीतर साठ कोस. मेहुण्यांचा फोन आला की इथूनच 'आलो' म्हणा, हाकेसरशी नागझरीत! विमान येईल मागनं, त्याच्या चालीनं."

तेवढ्यात राणी पुन्हा कडाडली, "कधीचे 'आलो आलो' करताय, भात गार झाला. याच्यापेक्षा नागझरी जवळ पडली असती."

आधी प्रधानाला खोकला आला. मग राजाचं पोट हललं, आणि तो असा हसला की मुकुट मांडीवर येऊन पडला. धिंड रद्द झाली. वर विमानतळाला लागून असलेलं काळंभोर रान त्यानं गोंदाजीला इनाम दिलं.

"सनद कधी येईल, महाराज?" ठकूनं विचारलं.

"आलीच समज."

"तशी नको महाराज. हातात येऊ द्या."

राजा पोट धरधरून हसला आणि तिथंच शिक्का उठवला. त्या रानाच्या जिवावर गोंदाजीच्या घरी बरकत आली, आणि ती खरोखरची आली.