लाल झालेली जागा

"सर, तुम्ही एवढंच सांगा. सांधा आत्ताच बदलायचा, की हाड खचायची वाट बघत बसायचं?"

डॉक्टर श्रेयांस उपाध्ये ओसरीची पायरी चढता चढताच विचारत होता. तगारे सरांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. तो बसला आणि त्याने लॅपटॉप उघडला.

सरांनी मिरजेत जन्मभर मोडलेली हाडं जुळवली. आता हात कापतो, म्हणून ते सुरी धरत नाहीत. पण जुने विद्यार्थी कुठे अडले की या ओसरीवर येतात. श्रेयांस अडला नव्हता. त्याला नुसता होकार हवा होता.

"पेशंट मुबारक. वय बत्तीस. तंबोरे बनवतो. उजव्या खुब्याच्या गोळ्याचं रक्त बंद झालंय. आतलं हाड मेलंय, पण गोळा अजून गोल आहे."

"मग अडलंय कुठे?"

"मी सांधा बदलू म्हणतो. तो एकच धरून बसलाय... मांडी घालता येईल का? भोपळा मांडीवर घेतल्याशिवाय काम होत नाही म्हणे. माझं ऐकत नाही. तुमचा शब्द मानेल."

सरांनी चष्मा लावला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, सर!" श्रेयांसने पडदा त्यांच्याकडे फिरवला.

पडद्यावर मुबारकचा खुबा होता. स्कॅनवरून संगणकाने त्याचे लाखो बारीक तुकडे पाडले होते आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते मोजलं होतं. कमी ताण निळा, जास्त ताण लाल. काम खरोखर देखणं होतं. सरांनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिलं.

आतून चहा आला. श्रेयांसने बोलता बोलता कप संपवला.

"भार कुठले दिलेस?"

"चालणं, जिना, नुसतं उभं राहणं. सगळे."

"नुसतं उभं राहिलं तरी लाल होतं?"

"होतं ना. दुखऱ्या पायावर वजन आलं की... ही जागा बघा."

"आणि उभाच राहिला तर?"

"तडे वाढत जाणार. मग एक दिवस गोळा बसणार." श्रेयांसचा आवाज चढला. "वर्षाच्या आत, सर! आणि इथेच. बोट ठेवून सांगतो."

"हं..." सर म्हणाले. "त्याला आणायचंस की रे."

"आणलाय ना. फाटकापाशी आहे. म्हटलं, आधी आपलं बोलणं होऊ दे."

सरांनी मान वळवली.

फाटकापाशी मुबारक उभा होता. एक हात भिंतीला, सगळा भार डाव्या पायावर. सर बघताहेत हे दिसताच त्याने भिंतीवरचा हात काढला, दोन्ही पाय नीट टेकले आणि ताठ होऊन सलाम केला. ओठ मात्र घट्ट मिटलेले.

सर उठले. आपली खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. खुर्ची हातात थरथरत होती.

"सर, द्या इकडे, मी घेतो..."

"राहू दे."

अंगण ओलांडून त्यांनी ती मुबारकच्या मागे ठेवली.

"न्हाई साहेब," मुबारक कसनुसा हसला. "तुम्ही उभं, अन् मी कसा बसू? मी उभाच बरा हाय."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच दाबला. तो बसला. कितीतरी वेळ धरून ठेवलेला श्वास त्याने सोडला.

मागून श्रेयांस आला होता. हातात लॅपटॉप तसाच उघडा. त्याला भयंकर ओशाळल्यासारखं झालं होतं, पण बोलल्याशिवाय राहवेना.

"सर... म्हणजे माझं भाकीत चुकलं?"

"छे रे. अगदी बरोबर आहे," सर म्हणाले. "आता ते खरं करायचं तेवढं थांबव."