पालथे पत्ते

श्रीपती पेंटरचा जिवाचा दोस्त दत्तोबा गेला आणि मागं त्याचा क्रिकेटच्या पत्त्यांचा जुना संच राहिला. पत्ता ओढायचा, षटकार निघेल, नाहीतर दांडी गुल. श्रीपतीला दोस्ताची तेवढीच खूण हवी होती. पण पुण्याहून दत्तोबाचा पुतण्या आला, जुने खेळ जमवणारा, तोंडाळ. दत्तोबाच्या बायकोला म्हणाला,

"काकू, असा संच आता मिळत नाही, बाजारात मोठं मोल आहे. लहानपणी मी काकांशी रोज हाच खेळायचो. हक्क माझा."

श्रीपतीनं पत्ते पालथे मांडले. "रोज खेळायचास ना? मग यातली दांडी गुल दाखव."

"न उलटता? कुणाला कळेल?"

"हा बघ, चहा सांडलेला. आणि कान मोडलाय तो षटकार."

काकूंनी उलटून पाहिलं. बरोबर निघालं.

पुतण्या उसळला. "म्हणजे तुम्ही काकांना फसवत होता!"

"अरे शहाण्या, त्यालाही सगळे ओळखू यायचे. म्हणून तर ओढताना आम्ही डोळे मिटायचो."

काकूंनी संच श्रीपतीच्या हातात ठेवला. पुतण्या तोंड पाडून गेला.

श्रीपती जिंकला खरा. पण डोळे मिटून खेळायला समोर भरवशाचा माणूस लागतो, आणि त्याला तर तो गेल्याच आठवड्यात जाळून आला होता.