बांधाची भेग

तळ्यांवरही राज्यं होती तेव्हाची गोष्ट. एका तळ्यावर पाणकोंबड्याची सत्ता गेली आणि बगळा राजा झाला. पुढच्याच आठवड्यात बांधाला भेग पडली. खेकडी चिखल ओढून ती बुजवू लागली.

काठावर ऊन खात म्हातारं कासव म्हणालं, "गळू दे. आता तळं बगळ्याचं, तो बघेल."

"आजोबा, पाणकोंबडा राजा असताना मी अशीच एक भेग दाखवली, तर तुम्ही म्हणालात, तळ्याची बदनामी करू नकोस," खेकडी म्हणाली.

"तेव्हा तळं आपलं होतं."

"पंख त्या दोघांनाही आहेत. तळं आटलं की उडतील. तुम्ही कुठे जाणार?"

कासवाने मान आत ओढून घेतली. बाहेर काढली तेव्हा पाणी वीस पावलं मागे गेलं होतं. कासव बांधाकडे निघालं.

"हे बगळ्यासाठी नाही हं," चिखल लोटत ते पुटपुटलं.

"माझंही कुणा राजासाठी नव्हतं," खेकडी म्हणाली.