बुडालेल्या गावाचा गेरू

एका राज्यात विकटसेन नावाचा राजा होता. महालाच्या खिडकीतून तळं दिसावं, अशी त्याला हौस आली. बरं, आली हौस, तर खणावं ना तळं! ते नाही. समोरच्या खोऱ्यात नांदतं गाव होतं, तेच त्याने आपल्या मांत्रिकाकरवी एका मंत्रात बुडवलं. माणसं उचलून उघड्या माळावर नेऊन टाकली आणि वर दवंडी पिटली, की प्रजा सुखात आहे. काडीची लाज वाटली नाही मेल्याला!

त्या मंत्राला शाप चिकटलेला होता. गावकरी आपलं गाव विसरू लागले, आणि विसरतील तसतसे पायांपासून दगड होऊ लागले.

शेवंता त्याच गावची. लहानपणीच तिला राजाच्या चित्रशाळेत आणलं होतं, म्हणून ती शापातून वाचली. पण तिची आई माळावर घोट्यापर्यंत दगड झाली होती आणि पोटच्या लेकीला विचारत होती, “कोण गं तू?”

शेवंता तडक दरबारात गेली. “महाराज, माझं गाव परत द्या.”

राजा हसला. “आठवण येते ना? मग चित्र काढ. छान रंगव. भिंतीवर लावू.”

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाव गिळायचं आणि वर त्याचं चित्र मागायचं! ती तळ्याकाठी येऊन बसली, तेव्हा एक टिटवी बोलली, “पोरी, चित्र काढच. गावातल्या कुणी त्यात आपलं घर ओळखलं, तर पाणी हटेल. मात्र संधी तीनच.”

शेवंताने पहिलं चित्र काढलं. हिरवीगार शेतं, सोन्याचा वर्ख लावलेलं आभाळ. आई म्हणाली, “श्रीमंत दिसतंय हो गाव. कुणाचं?” आणि ती कमरेपर्यंत दगड झाली.

दुसरं चित्र काढलं. सगळं निळं, धुक्यात बुडालेलं, बघणाऱ्याला हुंदका यावा असं. दरबारी मंडळींनी डोळे पुसले. आई म्हणाली, “तिथे कुणी वारलं का गं?” आणि ती गळ्यापर्यंत दगड झाली.

टिटवी भडकली. “दरबाऱ्यांना रडवायला बसलीस का? तुझ्या गावातल्या सगळ्या भिंती एका रंगाच्या कधी होत्या?”

तेव्हा शेवंताला आठवलं. सुगी झाली की तिथे बाया घराला गेरू देत. कुणी त्यात राख कालवी, कुणी हळद, कुणी चुलीची काजळी. प्रत्येकीचा रंग वेगळा. दिवस कलताना शेळ्या घेऊन उतरणारी पोरं डोंगरावरूनच आपलं घर ओळखत.

तिने चित्रशाळेतले रंग फेकून दिले. काठावरची लाल माती खणली, राख चाळली, हळद कुटली. उतरत्या उन्हात डोंगर तपकिरी, वाट धुळीची, आणि घरागणिक वेगळा गेरू. पण आपल्याच घराशी येऊन तिचा हात थांबला. आईचा रंग काही केल्या आठवेना. किती लहानपणी उचलून नेलं होतं तिला! दातओठ खात तिने अंदाजाने रंग दिला आणि चित्र आईपुढे धरलं.

आई बघत राहिली. दगड हनुवटीला टेकला. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“ही भिंत कुणी सारवली?”

“मी, आई.”

“डोळे फुटले होते का? इतका फिका गेरू? काजळी कुठाय? माझ्या घराला असला मिळमिळीत रंग? दे इकडे!”

चित्र हिसकावायला तिने हात पुढे केला, आणि हातावरचा दगड खळकन गळून पडला. पाठोपाठ शेजारणी ओरडू लागल्या, “आणि माझ्यात एवढी हळद कुणी घातली गं?” साऱ्या माळावर भांडण पेटलं. दगड फुटत गेले. तिकडे पाणी हटलं, छपरं वर आली, मांत्रिक धूर होऊन पळाला.

खिडकीखाली नुसता चिखल पाहून राजा धावत गावात आला. हात जोडून म्हणाला, “क्षमा करा.”

शेवंताच्या आईने त्याच्या हाती फावडं दिलं. “क्षमेचं मागाहून बघू, महाराज. आधी घरांतला चिखल काढा.”

राजाने मुकाट्याने चिखल काढला, शेवटच्या घराचासुद्धा. जसं या राजाला आपलं केलेलं निस्तरावं लागलं, तसं साऱ्या राजांना लागो.