काटेखिंडीचा होकार

भैरोबाच्या देवळापासून निघालेली ही पायवाट बाभळीच्या रानात संपते. याला काटेखिंड म्हणतात. पाहुण्यांनी इथूनच मागे फिरायचे. आमच्या गावात नुसते 'हो' म्हटले तर तो होकार धरत नाहीत. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणावे लागते. त्याचे मूळ याच काट्यांत आहे.

फार मागे मुलुखात पटकीची साथ आली, असे सांगतात. खिंड काट्यांनी बुजवायची, बाहेरच्या कुणाला आत घ्यायचे नाही, असे ठरू लागले. कोंडाजी पाटलांनी देवासमोर भंडाऱ्याचे ताट ठेवले. ज्याला मान्य त्याने मान लववून भंडाऱ्याला हात लावायचा. हात लावला की शपथ झाली.

धुरपा कुंभारणीची लेक राही खिंडीपलीकडे नांदत होती. पंचमीला ये, असा सांगावा धुरपानेच धाडला होता. ताटापुढे 'नको' हा शब्द धुरपाच्या अगदी ओठांवर आला होता. पण पुढचे सगळे मुकाट हात लावत होते. कुणीतरी नाही म्हणेलच, अशा आशेने तिनेही लावला. बिचारीला काय ठाऊक, प्रत्येकाचेच कुणी ना कुणी बाहेर होते आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे आस लावून होता. पण माना खाली, नजरा ताटात. कुणाला कुणाचा चेहरा दिसलाच नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी राही काट्यांपलीकडे येऊन उभी राहिली. "आये, काटं काढ की गं!"

धुरपाने पाटलांचे पाय धरले. "म्या मनापासनं हात लावला न्हवता, पाटील!"

"माजा सख्खा भाऊ भायेर हाय, धुरपे," पाटील म्हणाले. "म्या तरी कुटं मनापासनं लावला? पर आता शपथ झाली."

धुरपा नुसत्या हातांनी काटे उपसू लागली, तर गावाने तिला धरून ठेवले. पलीकडची राहीची हाक बारीक होत गेली आणि थांबली म्हणे. एवढे करून साथ तरी टळावी! पटकी ओढ्याच्या पाण्यातून कधीच आत आली होती.

"माज्या डोळ्यांत बगून कोन हो म्हनलं असतं रं?" धुरपा शेवटपर्यंत दारोदार विचारत राहिली. ती गेल्यावर ही रीत पडली.

आजही दर पंचमीला गाव इथे जमते. काटे तोडून वाट मोकळी करायची का, असे विचारतात. माणसे समोरासमोर उभी राहतात आणि एकेकाची नजर खाली जाते. आमच्या लेकी आजही मागाहून पडलेल्या वाटेने डोंगराला वळसा घालून माहेरी येतात.